सकाळी शस्त्रक्रिया, सायंकाळी घर
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



मी वैद्य नव्हे. जन्मभर मुलांत वावरलेला एक शिक्षक आहे. तरीही बालकांच्या जांघेतील विकारांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण आपल्या घरांतून हा विषय लज्जेपोटी, पुढे सोयरीक जमताना अडेल या भयापोटी, दडविला जातो. आणि त्याचे भोग मात्र बालकाच्या वाट्यास येतात.

गर्भावस्थेत मुलाचे वृषण पोटातून अंडकोशात उतरतात. त्यांच्यासमवेत पोटाच्या अस्तराची एक नळीवजा पिशवी खाली येते व यथाकाल मिटते. ती उघडी राहून तीत आतडे उतरले, तर तो अंतर्गळ, म्हणजेच हर्निया. केवळ पाणी उतरले, तर हायड्रोसील. कधी वृषणच वाटेत अडकतो. अंतर्गळ मुलींनाही होतो. यात आईच्या पथ्यापाण्याचा काही दोष नाही.

तान्ह्या बाळाचे हायड्रोसील बहुधा वर्षा-दोन वर्षांत आपोआप ओसरते. तेथे धीर धरावा. वृषण सहा महिन्यांपर्यंत न उतरल्यास शस्त्रवैद्यास दाखवावे; ही शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत होणे इष्ट. अंतर्गळ मात्र पट्ट्याने वा अंगाऱ्याने जात नाही. जांघेतील फुगवटा कठीण होऊन आत जाईना, मूल कळवळून रडू लागले, ओकाऱ्या झाल्या, तर उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आतड्याचा रक्तपुरवठा खुंटण्याचे ते भय असते.

‘त्याच दिवशी घरी धाडले, म्हणजे उपचार अर्धवट,’ असे काहींना वाटते. ग्लासगो येथील शस्त्रवैद्य जेम्स निकॉल यांनी १९०९ साली, दहा वर्षांत बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत अंतर्गळाची बालकेही होती. तान्हे मूल रुग्णालयातील खाटेपेक्षा आईच्या कुशीत अधिक सुखाने बरे होते, हे त्यांचे सांगणे.

आजही रीत साधीच आहे. डॉक्टर सांगतील तितका वेळ मुलास उपाशी ठेवावे. दया येऊन चोरून दूध पाजू नये, कारण भुलेत ओकारी झाल्यास ती श्वासनलिकेत जाते. जांघेच्या घडीत लहानसा छेद घेऊन पिशवी बांधतात. मूल जागे होऊन नीट सावरले, की त्यास घरी नेता येते. अपुऱ्या दिवसांच्या लहानग्यांस मात्र श्वासावर लक्ष ठेवण्यासाठी रात्रभर ठेवून घेतात. तेथे हट्ट करू नये.

पण ज्यांचे घर सहा तासांच्या एस्टी प्रवासाच्या अंतरावर आहे, त्यांनी सायंकाळी कोठे जावे? रात्री काही बिघडल्यास रुग्णालय जवळ हवे. म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे, की शहरातील आपल्या वसतिगृहाची एक खोली अशा मातापित्यांसाठी दोन रात्री विनामूल्य राखून ठेवावी. ज्ञातीचे ऐक्य भाषणांतून पुष्कळ झाले. ते एका खोलीच्या रूपाने दिसावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.