आगरदांड्याची खाडी आणि वाइनचा पेला



या वसंतोत्सवाच्या चालकांनी आम्हांस विषय कळविला, तेव्हा दुसऱ्या कोणाची चिठ्ठी चुकून आमच्या हाती आली असावी असे वाटले. 'किनाऱ्याची सहल : वाइनची चव आणि गावचे जेवण' हा विषय, आणि बोलणारे आम्ही, जन्मभर बोनस, हजेरी आणि ओव्हरटाइम यांवर घसा कोरडा करणारे! चालकांपैकी एकाला विचारले, तर ते म्हणाले, ''अहो, हल्ली आपली मंडळी नाशिकला वाइन चाखायला जातात आणि मुरूड-आगरदांड्याला मासे खायला जातात. दोन्हींचा मेळ कसा घालावा हे कोणी तरी सांगायला हवे. तुमची त्या बाजूच्या हॉटेल-कामगारांत ये-जा आहे.'' यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तरी एक गोष्ट प्रथमच सांगून टाकतो. दारूविषयी आमचे मन स्वच्छ नाही. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या बायका आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. पाकीट गुत्त्यात पोचण्याआधी घरी पोचावे म्हणून त्या उभ्या असत. त्यांत आमची आईही असे. पुढे संघटनेच्या कामात आम्ही शेकडो सभांतून दारूविरुद्ध बोललो, आणि त्यातला एकही शब्द आज मागे घेत नाही. पण विषय आला म्हणून शाळा सुटल्यापासूनच्या सवयीप्रमाणे वाचनालयात जाऊन बसलो, नंतर आगरदांड्याला जाऊन आलो. आणि जो विषय आम्हांला परका वाटला होता, तो आमच्याच धंद्याचा निघाला. तो कसा, ते सांगतो.

आगरदांडा हे मुरूड तालुक्यातले खाडीकाठचे गाव. समोरच्या काठावर दिघी. मध्ये राजपुरीची खाडी, आणि तिच्या तोंडाशी समुद्रात उभा जंजिरा. माणसे, मोटारी, फटफट्या सगळे एका जंगलात चढवून पलीकडे नेतात. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या खाडीवर पूल घालण्याची योजना आहे. पण जंगलातून जाताना माणसाला खाडी दिसते, ती पुलावरून दिसणार नाही. गावाच्या नावातच 'आगर' आहे. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि आगर म्हणजे मिठागरही. जेवणातले खोबरे आणि मीठ दोन्ही त्या एका शब्दात आली.

वाइन हे या किनाऱ्याला कालपरवा लागलेले वेड आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले 'पेरिप्लस' नावाचे ग्रीक भाषेतले प्रवासवर्णन आहे. भडोचच्या बंदरात काय काय उतरे, त्याची यादी त्यात दिली आहे, आणि त्या यादीत वाइन आहे. इटलीची पहिल्या पसंतीची, तिच्या मागून इतर देशांची. त्याच पुस्तकात कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांत सेमिला म्हणजे चौल येते, आणि मग मंदगोरा. हे मंदगोरा म्हणजे राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाचे मांदाड, असे काही अभ्यासक मानतात. जवळच कुडे येथे बौद्ध लेणी आहेत. म्हणजे आज ज्या खाडीत आपण जंगलाची वाट पाहत उभे राहतो, तिला परदेशी व्यापार नवा नाही.

दुसरे उदाहरण त्याहून घरचे. याच किनाऱ्यावर बेने इस्रायल मंडळी शतकानुशतके राहिली. तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या धर्मविधीला द्राक्षाचा रस लागतो. कुलाब्यात द्राक्षे कोठली? त्यांनी मनुका भिजवून, कुसकरून, गाळून सरबत केले आणि त्यावर आशीर्वाद म्हटला. कोणी त्यांना रसिक म्हटले नाही. पण जागेला धरून चव कशी सांभाळावी, याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही.

आणि तिसरी गोष्ट माडीची. या किनाऱ्याची स्वतःची वाइन म्हणाल तर ती हीच. भंडारी माडावर चढतो, कोवळ्या पोयीला काप देतो, मडके बांधतो, आणि सकाळ-संध्याकाळ पुन्हा चढतो. सूर्योदयापूर्वी उतरलेली ती गोड नीरा. हवेतले किण्व तिच्यात शिरले की काही तासांत फेस येतो, साखरेचे मद्य होते, ती माडी. आणखी ठेवली की शिरका. नाशिकच्या टाकीत जे काही दिवस चालते, ते येथे एका मडक्यात दुपारपर्यंत होते. शास्त्र एकच. द्राक्षाच्या रसात साखर पुष्कळ, म्हणून वाइनमध्ये मद्य शेकडा बारा-तेरापर्यंत चढते. माडीत त्याच्या निम्म्याहूनही कमी.

आता गंमत पाहा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने झाडागणिक कर वाढवला आणि गावोगावच्या भंडाऱ्यांचे धंदे मोडले. स्वराज्य आले. १९४९ चा दारूबंदी कायदा झाला; आजही आपल्या राज्यातल्या मद्याच्या कायद्याचा पाया तोच आहे. २००१ साली याच राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले आणि वाइनला करात सवलती दिल्या. त्याआधी १९८० च्या दशकात नारायणगावला आणि पुढे १९९९-२००० पासून नाशिकला जे कारखाने उभे राहिले, त्यांची भरभराट झाली. शेतकऱ्याच्या द्राक्षाला गिऱ्हाईक मिळाले, यात आम्हांस आनंदच आहे. पण प्रश्न राहतोच. काचेच्या पेल्यातली ती संस्कृती, आणि मडक्यातले ते व्यसन, हे ठरवले कोणी? आमच्या आईने ज्याचा धसका घेतला ते दोन्हींत आहे. शहाणपणाने घेतली तर चवही दोन्हींत आहे. मग एकाला सवलत आणि दुसऱ्याच्या मागे शिपाई, याचे कारण मालात नाही. तो माल कोण काढतो आणि कोण पितो, यात आहे.

हा प्रश्न मनात ठेवून सहल आखू या.

पहिला नियम असा, की नाशिक आणि आगरदांडा दोन दिवसांत कोंबू नका. त्यात चव राहत नाही, नुसता पेट्रोलचा धूर राहतो. नाशिकची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्च या काळात खुडतात. त्या वेळी जा. म्हणजे खुडणारे हात, रस काढणारी यंत्रे, थंड ठेवलेल्या टाक्या सगळे चालू दिसेल. पांढऱ्या वाइनला साले काढून नुसता रस आंबवतात, लालला सालांसकट. तुरटपणा येतो तो सालांतून आणि बियांतून. चाखणे म्हणजे पिणे नव्हे. रंग पाहावा, वास घ्यावा, घोटभर तोंडात घोळवावी, आणि तेथे ठेवलेल्या भांड्यात थुंकावी. थुंकण्यात गावंढळपणा नाही. जाणकार तेच करतात. जे आवडेल त्याची एखादी बाटली, परवान्याचा नियम पाळून, घरी आणावी. वैशाखात ती मोटारीत तापू दिली की बिघडलीच म्हणून समजा.

दुसरा नियम, किनाऱ्याला जाताना पंचांग समुद्राचे पाहावे, कचेरीच्या सुट्ट्यांचे नव्हे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत ताजी सुरमई मागणाऱ्याच्या पानात बर्फातला परदेशी बासा पडतो, आणि ती चूक हॉटेलवाल्याची जितकी, तितकीच मागणाऱ्याची. पावसाळ्यात जायचे तर सुकट, सोडे, सुके बोंबील आणि पहिल्या पावसाची शेवळे खावीत. खरा हंगाम हिवाळा. तेव्हा वालाच्या शेंगा येतात, आणि मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, पाण्याचा थेंब न वापरता, मडके उपडे करून भोवती जाळ लावून पोपटी भाजतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची ओहोटी लांबवर जाते. खडकांवर बायका कालवे फोडताना, खुबे वेचताना दिसतील. त्या दिवसाचे जेवण त्या दिवशी खाडीने दिलेले असते. चैत्र-वैशाखात रातांबे आणि करवंदे. अलिबागचा पांढरा कांदा वाटेवर मिळेल. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पापलेट घ्याल तेव्हा हाताच्या तळव्याएवढे पिल्लू घेऊ नका. २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी माशांच्या ५४ जातींसाठी किमान आकाराचे नियमही झाले. मान देऊन पिल्लेच खाल्ली तर तो मान कसला?

मेळ कसा घालावा? आमची जीभ गिरणगावच्या खानावळीत घडली आहे, तेव्हा आमचे सांगणे साधे आहे. तळलेला बोंबील, कालवे, पोपटी यांच्याबरोबर थंड, आंबटसर पांढरी वाइन शोभते. आपण लिंबू पिळतो ना, तेच काम ती करते. तिखट कालवणाबरोबर मद्याचा चटका वाढतो. तेथे किंचित गोडसर, हलकी पांढरी बरी. लाल वाइन माशाबरोबर घेतल्यास तोंडाला हिमूस वास राहतो. २००९ साली जपानी संशोधकांनी त्याचे कारण दाखवले, की लाल वाइनमधल्या लोहाच्या अंशाने माशाचा तो वास उठतो. आणि सोलकढी पुढे आली की पेला बाजूला ठेवावा. आमसुलाच्या आंबटापुढे कोणतीही वाइन पाणचट लागते. त्या लढाईत आम्ही सोलकढीच्या बाजूचे.

तिसरा नियम आमच्या धंद्याचा. मागे एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात वाइन चाखण्याची संध्याकाळ होती. नाव घेण्याचे कारण नाही. आम्ही मागच्या दाराशी कामगारांना भेटायला गेलो होतो. रोह्याकडच्या वाडीतला एक मुलगा पेले पुसत होता. ''यात काय असते रे?'' विचारले. म्हणाला, ''साहेब, आम्हांला बाटलीवरचे नाव पाठ करायला सांगितलेय. आत काय ते नाही सांगितले.'' सकाळी सहाला कामावर आलेला तो मुलगा रात्री अकरालाही उभाच होता. आदल्या आठवड्यात त्याच्या हातून दोन पेले फुटले, त्याचे पैसे पगारातून कापले होते. १९३६ च्या वेतन कायद्यापासून तत्त्व असे आहे, की नुकसानीची कपात करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्याचे कोणी ऐकले नव्हते. पुढे आम्ही भांडलो आणि पैसे परत मिळाले. पण हंगाम संपल्यावर त्या मुलाला पुन्हा बोलावले नाही. तेही आम्ही थांबवू शकलो नाही. ही आमची हार आपणांपुढे सांगितलेली बरी.

याच्या उलट एक गोष्ट. कोकणातून आलेले गिरणीकामगार ज्यांच्या हातचे जेवून जगले, त्या मुंबईच्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. संपात कामगार उपाशी राहू नये म्हणून याच बायांनी उधारीवर जेवण घातले. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे राहिले, बँकेची कर्जे मिळाली, आणि स्वयंपाक हाही श्रम आहे हे कोणी तरी कागदावर लिहिले. गावचे जेवण गोड लागते ते त्यामागच्या हाताला दाम मिळाला म्हणजे. म्हणून आगरदांड्याला, मुरूडला, दिघीला जाल तेव्हा घरगुती जेवण देणाऱ्या बाईंना आदल्या दिवशी कळवा. मासळीचा लिलाव सकाळी होतो, रात्री आठला मोटार थांबवून 'चाळीस माणसांचे ताट लावा' म्हणण्यात मर्दुमकी नाही. भावात घासाघीस करण्यापूर्वी आठवा, की ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. माडाचे रोप फळाला यायला वर्षे लागतात, आणि तोवर घर चालते ते अशाच ताटांवर.

शेवटचा नियम समुद्राचा. चाखून झाल्यावर पाण्यात उतरू नका, आणि मोटार चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये. चालक भाड्याचा असेल तर त्याच्या जेवणाची आणि झोपेची सोय तुमच्या आधी करा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेथे मद्याचा प्रश्नच नव्हता. समुद्राला तेवढेही निमित्त लागत नाही.

श्रोतेहो, आमच्या बोलण्याचा हिशेब थोडक्यात एवढाच. सहलीची वही घालाल तेव्हा एका पानावर काय खाल्ले, काय चाखले ते लिहा. समोरच्या पानावर ते कोणी पकडले, कोणी खुडले, कोणी रांधले, कोणी पेला धुतला, आणि त्यांना काय मिळाले ते लिहा. दोन्ही पाने भरली तर ती सहल, एकच भरले तर नुसती चैन. आमच्या आईची भीती खोटी नव्हती. ती माडीला भीत नव्हती आणि द्राक्षालाही नव्हती. पगाराच्या पाकिटातून घरी काय येणार, याला भीत होती.

आगरदांड्याहून परत निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती. जंगलावर शेजारी एक म्हातारे भंडारी बसले होते. ''हल्ली माडावर कोण चढते, काका?'' आम्ही विचारले. ''पोरे नाही चढत,'' ते म्हणाले, ''पोरे हॉटेलात जातात. बसून काम मिळते म्हणून.'' एवढे बोलून ते स्वतःच हसले. ''बसून तरी कुठले, उभेच असतात.''