पेटीवरचा कण

चिपळूणजवळच्या आमच्या महिला भजनी मंडळात पेटीला पुरुषमाणूसच बसायचा. तो काळी एकचा सूर धरायचा आणि चढ्या ओळीला आमचे आवाज फाटायचे. शेवटी पेटी आम्हीच पुढ्यात ओढली.

आमचा सा काळी तीनवर बसला. तिथून भूप धरला की सा, रे, ग, प, ध सगळे काळ्या पट्ट्यांवरच येतात. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांनी सा, रे, ग. मग अंगठा खालून सरकवून प, पुढे तर्जनीने ध. बोटं उंच उचलून आपटायची नाहीत.

पेटीतून मींड निघत नाही. 1940 साली रेडिओने पेटीवर बंदी घातली त्याचं हेही एक कारण. बंदी सैल झाली 1971 मध्ये. आज आम्ही रेडिओवरूनच पेटी शिकवतोय! मींड नाही तर कण घ्यायचा. रेला बोट टेकलं न टेकलं तोच ग दाबायचा. डाव्या हाताचा भाता मात्र एकसारखा हवा, नाहीतर कण विरून जातो. अभंगाची अक्षरं भरभर चालली असताना कण नको. शेवटचं अक्षर लांबलं की घ्या. सुरुवातीला आम्ही सुरासुराला कण लावायचो, गाणाऱ्या बायका वैतागायच्या.

गौरीच्या जागरणाला आता काळी तीनच.