रँडची भूमिका कोण करणार?

(चिंचवड येथे शिक्षक व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



चापेकर बंधूंच्या या गावात मुलांना २२ जून १८९७ हा दिवस पाठ असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात गणेशखिंडीचा प्रसंग रंगतो, टाळ्या पडतात, पडदा पडतो. परंतु पाठ केलेली वाक्ये म्हणून झाल्यावर मुलाच्या अंतःकरणात काय उरते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

म्हणून माझा आग्रह वर्गातल्या नाट्याचा आहे. तेथे पडदा नाही, प्रेक्षक नाहीत, लिहिलेले संवादही नाहीत. शिक्षकाने केवळ प्रसंग द्यावा. पुण्यात प्लेगची साथ आहे. गोरे शिपाई घरे तपासत आहेत. एकीने देवघरापुढे उभी असलेली आजी व्हावे, एकाने आजारी भावाला लपवणारा मुलगा, एकाने शिपाई. मग विचारावे, ‘आता तू काय करशील?’ उत्तर पुस्तकात नसते. ते मुलाला स्वतःच्या शब्दांत शोधावे लागते. तेथे पाठांतर संपते आणि इतिहास सुरू होतो.

अडचण येते ती रँडपाशी. ती भूमिका कोणालाच नको असते. तरीही कोणीतरी ती मनापासून केली पाहिजे. साथ रोखणे आवश्यकच होते. मात्र त्यासाठी लोकांच्या घराची, देवाची आणि स्त्रियांची अप्रतिष्ठा करण्याचा अधिकार सत्तेला कोणी दिला? हा प्रश्न मुलांनी त्या ‘रँड’ला समोरासमोर विचारावा. समजून घेणे म्हणजे क्षमा करणे नव्हे.

ही दृष्टी परकी नाही. चापेकरांचे वडील हरिभाऊ कीर्तनकार होते. मुले त्यांना साथ करीत. कीर्तनात एकच बुवा कधी राम होतात, कधी रावण. रावणाचे बोलणे पोकळ ठेवले, तर रामाचा पराक्रमही फिका पडतो. त्याहून अवघड भूमिका आहे ती बक्षिसाच्या लोभाने माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंची. फितुरी परक्या देशातून येत नाही, ती शेजारच्या घरातूनही येते, हे भाषणाने कळत नाही. त्या मोहापुढे क्षणभर उभे राहावे लागते.

आणखी एक गोष्ट. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांनी मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कुटुंबे येथे आणली. त्यांची मुले एकाच बाकावर बसतात. ज्याच्या घरी मराठी बोलत नाहीत, त्याच्या वाट्याला हमखास मुका शिपाई येतो. असे होऊ देऊ नका. अडखळत का होईना, त्याला दामोदर होऊ द्या. या भूमीचा इतिहास त्याच्या मुखातून निघाला, की ही भूमी त्याची होते. समरसता याहून वेगळी काय असते?

भूमिका दर वेळी बदला. खेळ संपताच प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. रँड झालेल्या मुलाला कोणी चिडवणार नाही, हे पाहा. नंतर सर्वांना बोलते करा. यासाठी रंगमंच लागत नाही, पोशाख लागत नाहीत, खर्चही नाही. आठवड्यातला एक तास हवा. एवढा एक तास आपण शिक्षकांनी द्यावा आणि पालकांनी तो वाया गेला असे मानू नये, ही विनंती करून आपली रजा घेतो.