खेळामधला 'ळ'

(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



मघाशी सूत्रसंचालन करणाऱ्या बाईसाहेबांनी मला 'खेला' म्हणून हाक मारली आणि सगळे हसले. मीही हसलो. हे नाव कसं पडलं ते इथे बऱ्याच जणांना आठवत असेल. कसं लागलं, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

नववीचं स्नेहसंमेलन होतं. अरुण दाते यांचं 'भातुकलीच्या खेळामधली' म्हणायला मी उभा राहिलो आणि सुरुवातीलाच 'खेलामधली' म्हणालो. मागच्या रांगेतून कुणीतरी तेच मोठ्याने परत म्हटलं. मग हशा. मी पहिलं कडवंसुद्धा पुरं केलं नाही. ज्याने म्हटलं तो आज समोरच बसलाय. राहू दे, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आता काय बोलणार!

माझी अडचण तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही आयरे गावातले आगरी. आमच्या घरात पाणी नव्हतं, 'पानी' होतं. डोळा नव्हता, 'डोला' होता. माझी आजी धवलारीण. पंचक्रोशीत लग्न निघालं की धवले गायला तिला बोलावणं यायचं, आणि तिच्या तोंडी तो 'ल' इतका गोड वाटायचा की त्यात काही चूक असेल अशी शंकासुद्धा आम्हाला कधी आली नाही. शंका शाळेत आली. रेल्वेच्या एका बाजूला आमचं गाव आणि दुसरीकडे चाळी, सोसायट्या, पुस्तकातलं मराठी बोलणारी मुलं. एकाच वर्गात बसायचो, पण बोलताना मी आधी मनातल्या मनात वाक्य तपासून घ्यायचो.

तरी दातेच का? शेजारच्या काकांकडे रेडिओ होता. 'आपली आवड' लागलं की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. बाकीचे गायक गातायत हे कळायचं. दाते बोलतायत असं वाटायचं. आवाज चढवायचा नाही, ताना नाहीत, शब्द अलगद ठेवल्यासारखा. मी गाण्यात 'ळ' कुठे येतो त्याची वाट बघत बसायचो. तो आला की जीभ मागे वळवून बघायचो. आमच्या वर्गातल्या कुणालाही भावगीत ऐकताना असला उद्योग करावा लागला नसेल.

पुढे मी एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लागलो. एक दिवस पेपरात जाहिरात दिसली : ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये अरुण दाते यांचा 'शुक्रतारा'. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यगृह तेव्हा नव्हतं. चांगलं काही बघायचं तर ठाणं गाठायचं. पहिली पाळी करून, अंगाला कंपनीचा वास तसाच घेऊन, स्लो लोकल पकडली. तलावपाळीवर भेळ खाल्ली ती निव्वळ धीर यावा म्हणून. तिकीट बाल्कनीतलं, तेही शेवटच्या रांगेत.

पडदा वर गेला तेव्हा माझी थोडी निराशा झाली, खरं सांगतो. ओट्यावर बसून मी मनात जो माणूस उभा केला होता, तो हा नव्हता. हा एखाद्या ऑफिसातल्या साहेबासारखा होता. आणि मग ते गायला लागले. तोच आवाज. एवढ्या मोठ्या थिएटरात, शेवटच्या रांगेत, पण तसाच शेजारी बसल्यासारखा. माझ्या बाजूला एक आजोबा होते, ते डोळे मिटून मान हलवत होते. मी डोळे मिटले नाहीत. मी तोंडाकडे बघत होतो. एवढ्या लांबून जीभ काय दिसणार!

दोन गाण्यांमध्ये निवेदनात इंदूरचा विषय निघाला. दाते मूळचे इंदूरचे. वडील रामूभैया दाते म्हणजे मोठे रसिक. मुलगा मुंबईला टेक्स्टाइल इंजिनिअरिंग शिकला, त्याच क्षेत्रात नोकरी केली, आणि गाणं म्हणजे मुख्यतः उर्दू-हिंदी गझल. साठच्या दशकाच्या सुरुवातीला श्रीनिवास खळे यांनी मंगेश पाडगांवकरांचं 'शुक्रतारा' त्यांच्याकडून गाऊन घ्यायचं ठरवलं, तेव्हा हा माणूस मागे सरत होता. कारण? आपलं मराठी इंदूरकडचं, हिंदी वळणाचं. आपले उच्चार मराठी भावगीताला चालायचे नाहीत. खळ्यांनी आग्रह सोडला नाही. आणि त्या गाण्यात सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा तर मराठी घरातल्याही नव्हत्या.

लोक टाळ्या वाजवत होते. मला वाजवता आल्या नाहीत. ज्या माणसाकडून मी 'ळ' चोरून शिकत होतो, त्यालाच स्वतःच्या मराठीची धास्ती होती! मला नववीच्या मुलाचा राग आला. पडद्यामागे पळून गेलेल्या त्या मुलाचा. हसणाऱ्यांचाही आला, पण जरा कमी.

'भातुकलीच्या' सुरू झालं तेव्हा मी हलक्या आवाजात बरोबर म्हणत होतो. आजोबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. त्या ओळीत माझ्या तोंडून 'ळ' आला की 'ल', ते मला आजही आठवत नाही. बाकी सगळं आठवतं, अगदी परतीच्या गाडीत दिव्यापर्यंत उभा होतो तेसुद्धा.

नंतर कॅसेट आणली आणि आजीला ऐकवली. तिने पानाला चुना लावता लावता ऐकलं. म्हणाली, "हलू गातंय, पन बरा गातंय." त्यांच्या गाण्यावरचं इतकं नेमकं मत मी नंतर कुठे वाचलं नाही.

मी गायक झालो नाही. कंपनीच्या सत्यनारायणाला, गावच्या भजनी मंडळात, सोसायटीच्या कोजागिरीला म्हणतो. 6 मे 2018 ला दाते गेले, त्या रात्री गच्चीवर एकटाच म्हणत बसलो होतो. शाळेच्या मुलांसमोर मात्र नववीनंतर आजच उभा राहतोय.

ते गाणं आज पूर्ण म्हणणार आहे. पेटीवर आपल्याच वर्गातला दोस्त बसलाय. त्याला मघाशी पट्टी सांगितली, तेव्हा घाईत 'काली एक' म्हणून गेलो. त्याला बरोबर कळलं.