कामाची जागा आणि कामकऱ्याचें मन

श्रोतेहो, जागेपणाच्या वेळेपैकीं मोठा भाग मनुष्य कामाच्या ठिकाणीं घालवितो. म्हणून त्या ठिकाणचें हवापाणी कसें आहे, याची चौकशी करणें अगत्याचें होय. हवापाणी म्हणजे केवळ खिडक्या आणि पंखे नव्हेत. तेथें राबणाऱ्याचें मन स्वस्थ राहतें कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल पालघरजवळचें कोळगांव घ्यावें. 1 ऑगस्ट 2014 रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, आणि 2021 सालीं कोळगांव येथील जिल्हा मुख्यालयाचें उद्घाटन झालें. जव्हार-मोखाड्याचा आदिवासी, डहाणूचा चिकू-बागाईतदार, सातपाटीचा मच्छिमार, वसईचा घरमालक, या सर्वांचीं गाऱ्हाणीं तेथील मेजांवर येऊन पडतात. उत्तरेस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि 1969 सालीं सुरू झालेलें अणुविद्युत् केंद्र आहे. तेथें दिवसरात्र पाळ्या चालतात. एकूण काय, लेखणीचें आणि यंत्राचें अशीं दोन्ही प्रकारचीं कामें या टापूंत शेजारीं शेजारीं नांदत आहेत.

अशा एकाद्या कचेरींतील कारकुनाची कल्पना करावी. सकाळीं विरारला गाडी गांठावी, सायंकाळीं उभ्याउभ्यानें परतावें, हा त्याचा नित्यक्रम. 16 एप्रिल 2013 पासून लोकल गाडी डहाणू रोडपर्यंत जाऊं लागली, ही सोय झाली खरी. परंतु एक गाडी चुकली तर पुढचीसाठीं बराच वेळ ताटकळावें लागतें. त्यांत दोन मेजांचें काम एका मेजावर आलें. ज्याच्या टिपणांत पूर्वीं काना-मात्रेची चूक सांपडत नसे, तो आतां तारखा चुकवूं लागतो. डबा न उघडतां परत नेतो. हांक मारली तर दचकतो. रात्रीं झोंप नाहीं, आणि सकाळीं उठवत नाहीं. वरिष्ठ म्हणतात, ‘आळस वाढला.’ शेजारचा म्हणतो, ‘घरचें कांहींतरी असेल.’ घरचीं माणसें म्हणतात, ‘कचेरींतलें कांहींतरी असेल.’ आणि तो स्वतः ‘कांहीं नाहीं, जरा डोकें दुखतें’ असें सांगून विषय मिटवितो. तर्क सर्वांनीं केले. विचारपूस मात्र कोणीच केली नाहीं.

शाळेंत एरवीं नीट गणितें सोडविणारा मुलगा एकाएकीं चुकूं लागला, तर जाणता शिक्षक आधीं छडी उचलीत नाहीं. त्याला बाजूला घेऊन घरीं काय चाललें आहे, तें विचारतो. मुलाला जो न्याय, तो मोठ्या माणसाला कां नसावा?

कारखान्यांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. लागोपाठ रात्रपाळ्या करून झोंप उडालेल्या मनुष्याची क्षणाची चूक रसायनांच्या टाकीजवळ त्याच्या एकट्यापुरती राहत नाहीं. तारापूरच्या वसाहतींत स्फोटाचे व वायुगळतीचे अपघात होऊन माणसें दगावलीं आहेत. अपघातांचीं कारणें निरनिराळीं असतात; पण त्यांतून जो वांचला, त्याचा भाजलेला हात बरा झाल्याचा दाखला मिळतो, आणि भोंगा वाजतांच त्याचें काळीज धडधडतें याची नोंद कोठेंच होत नाहीं.

कोणी म्हणेल, पूर्वींचे लोक काय राबत नव्हते? राबत होते, आणि तें सोसवेना म्हणूनच नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी-कामगारांसाठीं चळवळ केली, आणि 10 जून 1890 रोजीं मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. तेवढ्यानें गिरण्या बुडाल्या नाहींत. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्याच्या कचेऱ्यांना पांच दिवसांचा आठवडा मिळाला, तोही त्याच वाटेवरचा टप्पा होय. उलट हयगयीची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें, केवळ खिन्नता व चिंता या विकारांपायीं जगांत दर वर्षीं सुमारें 1200 कोटी कामाचे दिवस वायां जातात.

कायदाही आतां या बाबतींत मुका राहिलेला नाहीं. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून अमलांत आला. मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीनें वागवावें, उपचाराची माहिती गुप्त राखावी, आणि जीव देऊं पाहणाऱ्याला तीव्र ताणाखालीं असलेला मानून शिक्षेऐवजीं उपचार द्यावे, अशी त्याची दृष्टि आहे. 1948 च्या कारखाना-कायद्यांत 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण-अधिकारी नेमण्याचें बंधन होतें. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेनें तो आंकडा 250 वर आणला आहे.

परंतु अधिकाऱ्याची खुर्ची मांडली म्हणजे कार्य उरकलें, असें नव्हे. वर्षांतून एक दिवस योगासनें करवून घ्यावीं, आणि उरलेले दिवस दोघांचें काम एकावर लादावें, यानें कोणाचेंही मन सुधारणार नाहीं. प्रथम काम वांटतांना माणसाची शक्ति पाहावी. पाळ्या लावतांना झोंपेला अवसर ठेवावा. चार लोकांत पाणउतारा करण्याची संवय वरिष्ठांनीं सोडावी, आणि खचलेला मनुष्य कसा ओळखावा, हें शिकून घ्यावें. कोणीं विश्वासानें सांगितलेली गोष्ट चहाच्या टपरीवर पोंचूं नये. ती एकदां पोंचली, कीं दुसरा कोणी पुन्हां तोंड उघडणार नाहीं. उपचार घेऊन परतलेल्याला प्रथम हलकें काम देऊन हळूहळू पूर्ववत् आणावें. ‘वेडा’ हा शब्द तर कचेरींतून हद्दपारच करावा.

घरच्या मंडळींचाही यांत वांटा आहे. भरलेला डबा परत येऊं लागला, तर रागावण्यापूर्वीं विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत शेजारीं बसावें. कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जावें. लाज बाळगूं नये. सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणाच्या तोंडून निघाली, तर ती थट्टेवारी न नेतां त्याच घटकेला मदत मिळवावी, आणि त्याला एकटें सोडूं नये.

श्रोतेहो, उद्यां सकाळीं कचेरींत गेल्यावर शेजारच्या मेजाकडे एकवार पाहावें. तेथें बसणारा कांहीं दिवसांपासून गप्प असेल, तर ‘काम कुठवर आलें?’ हा प्रश्न मागाहून विचारतां येईल. आधीं ‘जेवलांत का?’ एवढेंच विचारावें.