आरि बारोसो यांचा बाजा

फुटबॉलच्या क्रीडांगणावर गोल झाला कीं प्रेक्षकांचा एकच कल्लोळ उठतो. आणि नेमक्या त्याच क्षणीं, घरीं नभोवाणीपाशीं कान लावून बसलेल्या माणसाला काय घडलें तें कळेनासें होतें. ब्राझिल देशांतील रिओ द जानेरो शहरीं १९३० नंतरच्या दशकांत ही अडचण फार जाणवे. धावतें वर्णन करणारा गर्दीच्या लगतच बसे आणि त्याचा आवाज त्या गर्जनेंत बुडून जाई. यावर आरि बारोसो या गृहस्थांनीं काढलेला उपाय मोठा मौजेचा होता. ते जवळ एक लहानसा माउथ ऑर्गन बाळगीत. गोल झाला कीं तो ओठांशीं धरून फुंकीत, आणि त्याचा तीक्ष्ण सूर गोंगाट भेदून घराघरांत पोहोंचे.

उपाय निःपक्षपाती होता. उपाय करणारा मात्र नव्हता. बारोसो हे फ्लामेंगो संघाचे कट्टर अभिमानी. त्या संघानें गोल केला तर बाजा लांबलचक, नाचऱ्या सुरांत वाजे. प्रतिपक्षानें केला तर एक तुटक, आंबट फुंकर, कीं झालें! फ्लामेंगोच्या गोलावर शत्रु चाल करून आला तर आपल्याला पाहवत नाहीं, असें ते खुशाल सांगत. ज्याच्या डोळ्यांनीं इतरांनीं खेळ पाहावयाचा, त्यानेंच डोळे मिटून घ्यावे! वास्को द गामा या प्रतिस्पर्धी संघानें एकदां आपल्या क्रीडांगणाचीं दारें त्यांना बंद केलीं, तेव्हां त्यांनीं शेजारच्या छपरावरून वर्णन केलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. समालोचकानें तटस्थ असावें हा नियम योग्यच आहे. तथापि पक्षपात आणि असत्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोल कोणाचा झाला हें बारोसोंनीं लपविलें नाहीं, आणि त्यानें आपणांस झालेलें दुःखहि लपविलें नाहीं.

हे बारोसो मूळचे संगीतकार. त्यांचा जन्म १९०३ सालीं मिनास जेराइस प्रांतांतील उबा गांवीं झाला. लहानपणींच आईबाप गेले. आजीनें व मावशीनें सांभाळ केला. मावशी पियानो शिकवी. बाराव्या वर्षीं मुलगा गांवच्या मूकचित्रपटगृहांत पियानो वाजवूं लागला. पुढें कायदा शिकण्यासाठीं रिओला आला, वारशाचे पैसे उडवून बसला, आणि पोटासाठीं पुन्हां पियानोकडेच वळला. वकिलीची पदवी मिळाली, पण ती बहुधा भिंतीवरच शोभली. १९३० च्या कार्निव्हलच्या गीतस्पर्धेंत बक्षीस मिळालें आणि त्या पैशावर लग्न झालें.

१९३९ सालीं एका रात्रीं जोराच्या पावसामुळें त्यांना बाहेर पडतां आलें नाहीं. ते पियानोपाशीं बसले आणि ‘आक्वारेला दो ब्राझिल’, म्हणजे ब्राझिलचें जलरंगचित्र, हें गाणें जन्मास आलें. वॉल्ट डिस्ने यांच्या १९४२ च्या ‘सलूदोस आमीगोस’ चित्रपटामुळें तें जगभर गेलें. १९४५ सालीं त्यांच्या दुसऱ्या एका गाण्याचें नांव ऑस्कर पारितोषिकासाठीं सुचविलें गेलें. डिस्ने यांनीं संगीतविभागांत जागा देऊं केली असतां तेथें फ्लामेंगो नाहीं, या कारणास्तव त्यांनीं ती नाकारली असें सांगतात. कोणास हा वेडेपणा वाटेल. पण ज्या माणसाचीं गाणीं आणि गोल एकाच शहरांतून उगवत, त्यानें तें शहर सोडून काय करावें?

नभोवाणीवर होतकरू गायकांची परीक्षाहि ते घेत. गायकानें आरंभीं गीतकाराचें नांव सांगितलेंच पाहिजे, असा त्यांचा दंडक. गाणें सर्वांच्या तोंडीं, पण रचणारा अज्ञात, ही त्यांची जुनी खंत होती.

नगरसभेचे सभासद असतां भव्य क्रीडांगण शहराबाहेर दूर नेऊं नये, घोडदौडीच्या जुन्या मैदानावर लोकांच्या हाताशीं असावें, यासाठीं ते कार्लोस लासेर्दा यांच्याशीं भांडले. तेंच माराकाना. त्याच क्रीडांगणावर १६ जुलै १९५० रोजीं उरुग्वेनें ब्राझिलला दोन विरुद्ध एक गोलांनीं हरविलें आणि विश्वचषक नेला.

९ फेब्रुवारी १९६४, कार्निव्हलचा रविवार. इंपेरिओ सेर्रानो या सांबामंडळानें त्या वर्षीं मिरवणुकीचा विषय बारोसोंच्या ‘आक्वारेला’वरूनच घेतला होता. मंडळी नटूनथटून निघण्याच्या तयारींत असतांना बारोसो वारल्याची बातमी आली. मिरवणूक निघाली.