हृदयविकाराचा झटका आणि रुग्णाचे भवितव्य

(आरोग्य शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल झाला, की दाराबाहेर उभे असलेले नातेवाईक आम्हा डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टरसाहेब, वाचतील ना?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही कशाच्या आधारावर देतो, ते आज आपणासमोर मांडायचे आहे. हात पाहून नव्हे, एवढे आधीच सांगून टाकतो.

१९६७ साली अमेरिकेत किलिप व किंबॉल या दोन डॉक्टरांनी २५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांचे चार वर्ग पाडले, तेही कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय. छातीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसात पाणी साचल्याचा आवाज येतो काय, रक्तदाब कोसळला आहे काय, हातपाय गार पडले आहेत काय, हेच त्यांनी पाहिले. हृदय कमजोर झाल्याची एकही खूण नसलेल्या पहिल्या वर्गात शंभरात ६ रुग्ण दगावले. दुसऱ्यात १७, तिसऱ्यात ३८ आणि रक्तदाब कोसळलेल्या चौथ्या वर्गात ८१! हे आकडे त्या काळचे. पुढे गुठळी विरघळवणारी इंजेक्शने आली, अँजिओप्लास्टी आली आणि आकडे खूप खाली आले. वर्गांची चढती पायरी मात्र कायम राहिली.

२००३ साली 'ग्रेस' ही गुणपद्धती प्रसिद्ध झाली. वय, नाडीचे ठोके, वरचा रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन, किलिपचा वर्ग, दाखल होताना हृदय बंद पडले होते काय, ईसीजीतील बदल आणि हृदयाच्या एन्झाइमची वाढ अशा ८ गोष्टींना तिच्यात गुण आहेत. विद्यार्थी मित्रहो, या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त धोका, हे ध्यानात ठेवा.

परंतु या आठांत खिशाचा रकाना नाही. तो प्रश्न पुढे आणला आपल्याच देशातील 'क्रिएट' या पाहणीने. ५० शहरांतील ८९ केंद्रांमधील २० हजारांहून अधिक रुग्णांची ही पाहणी २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. ३० दिवसांत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. गरिबाचे हृदय का निराळे असते? संशोधकांनी मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूंमधील ही तफावत नाहीशी झाली. अँजिओप्लास्टी श्रीमंतांपैकी १५.३ टक्क्यांना मिळाली होती आणि गरिबांपैकी अवघ्या २ टक्क्यांना. म्हणजे जे आम्ही प्रकृतीचे भाकीत म्हणून सांगतो, त्यात पुष्कळसा भाग न मिळालेल्या उपचारांचा असतो.

त्याच पाहणीत त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यम काळ ६ तास निघाला. गुठळीने रक्त अडले, की हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. आणि आपल्या वस्तीत काय होते? छातीत कळ आली की 'गॅस झाला' म्हणून सोडा प्यायचा, सकाळपर्यंत वाट पाहायची, मग रिक्षा शोधायची. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयावरील उपचारही आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरात हाताशी ठेवा. ऐन वेळी ट्रंका उपसणारे नातेवाईक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

"वाचतील ना?" असे कोणी विचारले, की आम्हीही आधी उलट विचारतो, "कळ किती वाजता आली?" आता आपले प्रश्न घेऊ या.